चुकणारी बेरीज

आपल्या मंडळाच्या अंकात कॉम्प्युटरवर लेख कशाला, असं कुणी विचारलं तर दोष पेडण्याच्या माझ्या मित्राचा. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका रविवारी लॅपटॉप घेऊन तो आमच्या घरी डिचोलीला आला आणि म्हणाला, "माझी बेरीजच चुकता गो." आठवडाभर तोच प्रोग्राम पुन्हा पुन्हा लिहून तो प्रोजेक्ट सोडायच्या बेतात होता. मला त्यातलं काही येत नाही. मी फक्त विचारत बसले.

एकच प्रोसेसर अनेक प्रोग्राम चालवतो, म्हणजे आळीपाळीने चालवतो. टाइमर वाजला की कर्नल चालू प्रोसेसला थांबवतो, रजिस्टरांतले तिचे आकडे उतरवून ठेवतो, दुसरीचे भरतो. पहिलीची पाळी परत आली की तिला आपण थांबलो होतो हे कळतासुद्धा कामा नये. (घरी कोंकणी, वर्गात मराठी, फोनवर इंग्रजी. एकीतला शब्द दुसरीत राहून जाणं आपल्याला काही नवं नाही.)

तो वापरत होता एक्सव्ही६, एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेला छोटा कर्नल. त्यात प्रोसेस थांबताना तिची ३१ साधी रजिस्टरं ट्रॅपफ्रेम नावाच्या जागेत जातात. दशांश आकड्यांची ३२ रजिस्टरं वेगळी असतात. ती हा कर्नल वापरूच देत नाही, म्हणून जपतही नाही. मित्राने ती चालू केली होती. जपायचं राहिलं.

मग चूक कधीमधीच का दिसायची? कारण आकडा रजिस्टरात भरल्यावर आणि वापरण्याआधी, नेमका त्या क्षणी टाइमर वाजायला हवा. मध्ये छापायची ओळ घातली की चूक जागा बदलायची. एकटा प्रोग्राम चालवला की सगळं बरोबर. म्हणजे दोष बेरजेत नव्हता! हे पटायलाच त्याला दुपार लागली.

मग त्याने बेरीज बाजूला ठेवली. एक प्रोसेस सगळ्या ३२ रजिस्टरांत १.५ भरते, दुसरी २.५ आणि दोघी नुसत्या बघत राहतात. हे असेंब्लीत लिहावं लागतं, कारण सीमध्ये कंपायलर तीच रजिस्टरं स्वतः वापरून टाकतो. एकच कोअर ठेवला, टाइमर दहापट लवकर वाजवला. काही क्षणांत पहिलीच्या हातात दुसरीचे २.५ सापडले.

३२ रजिस्टरं जपली. तरी बेरजेचा शेवटचा अंक कधी कधी वेगळा! इथे मला आमच्या संगीत खोलीतला कीबोर्ड आठवला. आधीच्या गटाने ट्रान्सपोजचं बटण दोन घर वर ठेवलं की आपण त्याच पट्ट्या दाबतो आणि गाणं चढ्या सुरात निघतं. "असं बटण तुझ्यात नाही का?" मी विचारलं. होतं. एफसीएसआर. त्यात राउंडिंगची पद्धत असते. एका प्रोसेसने ती बदलली की दुसरीचे आकडे शाबूत, पण हिशेब वेगळा. ते तेहतिसावं.

काय कोणी जपायचं हा खरं तर करार असतो. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये केलेल्या परम ८००० मधले ट्रान्सप्युटर हार्डवेअरमध्येच प्रोसेस बदलत; पण साध्या प्रोसेसची पाळी ठरावीक आज्ञांपाशीच संपे, आणि तिथे हिशेबाच्या तीन रजिस्टरांतलं काही जपलं जात नसे. तिथे काही ठेवायचं नाही, ही जबाबदारी कंपायलरची.

आणि हे फक्त चुकीच्या बेरजेचं प्रकरण नाही. २०१८ च्या जूनमध्ये इंटेल कोअर प्रोसेसरांतली अशीच गळती जाहीर झाली. दशांश रजिस्टरं लागतील तेव्हाच बदलू, असा आळस काही कर्नल वेग वाचवण्यासाठी करत. तेवढ्या अवधीत आधीच्या प्रोसेसचे आकडे दुसरीला ओळखता येत. त्यात गुप्त किल्ल्याही असू शकतात.

म्हणून मित्राने शेवटी एक्झेकही तपासलं. फोर्कमध्ये ट्रॅपफ्रेमची नक्कल होते, तिथे आपोआप जमलं. एक्झेकमध्ये नवा प्रोग्राम जुन्याचे आकडे घेऊनच उठत होता. तिथे त्याने हाताने शून्य भरले, तेहतीसच्या तेहतीस.