अब्रू मोठी की खरेपणा?



मागच्या सत्रात माझ्या तिसरीच्या वर्गातला नकाशा फाटला. "कोणी फाडला?" मी सगळ्यांसमोर दरडावून विचारलं. सगळे गप्प. मधल्या सुट्टीत एक मुलगा हळूच आला. "सर, माझ्या हातून फाटला. पण पोरांसमोर नका सांगू." तो खोटारडा नव्हता, त्याला अब्रूची भीती होती. चूक माझ्या विचारण्यात होती.

'अब्रू' हा शब्द फारसीतून आला. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. म्हणजे चेहऱ्यावरचं तेज. चिनी भाषेतही मानाला 'मियान्झी', म्हणजे चेहराच म्हणतात. दोन्हीकडे मान लोकांच्या नजरेत असतो. इंग्रजीतले ऑनर आणि ऑनेस्ट हे शब्द तर एकाच लॅटिन कुळातले. 'ऑनेस्ट'चा आधीचा अर्थ मानाचा, प्रतिष्ठित असा होता. खरं बोलणारा हा अर्थ पुढे रुळला. आपल्याकडे 'इमान' अरबीतून आलं, त्याचा मूळ अर्थ श्रद्धा. ती मनात असते, कोणी बघो न बघो.

मग दोन्हींत ओढाताण झाली तर? मुलांना रामशास्त्री प्रभुणे सांगा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर पेशवेपद चुलते रघुनाथरावांकडे आलं. न्यायाधीश रामशास्त्रींनी त्यांनाच दोषी ठरवलं आणि पुणं सोडलं. पदाचा मान गेला, पण आज अडीचशे वर्षांनीही नाव आदरानेच घेतलं जातं.

वर्गात काय करता येईल?

१. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजरी बोलणारी मुलं एकाच वर्गात असतात. 'शब्दाला जागणारा माणूस' याला घरी काय म्हणतात, हे आजी-आजोबांना विचारून यायला सांगा. सगळे शब्द फळ्यावर लिहा.

२. चूक झाली की चारचौघांत नाही, बाजूला घेऊन विचारा.

३. मुलाने खरं सांगितलं तर आधी "खरं बोललास, बरं वाटलं" म्हणा. नुकसान कसं भरून काढायचं ते नंतर ठरवा. आम्ही नकाशा दोघांनी मिळून चिकटवला.

पालकहो, घरी आपण सहज म्हणतो, "लोक काय म्हणतील?" त्याऐवजी एकदा "तुला स्वतःला काय वाटतं?" असं विचारून बघा. खरं बोलल्याने मान जात नाही, हे मुलाला आपल्या वागण्यातूनच कळतं.