नवजात बालकाचे लिंग संदिग्ध असल्यास : वेळेवर निदानाचे महत्त्व

मूल जन्माला आले की पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘मुलगा की मुलगी?’ हा. बहुतेक वेळा त्याचे उत्तर तत्काळ मिळते. काही थोड्या बालकांच्या बाबतीत मात्र बाह्य जननेंद्रियांच्या रचनेवरून ते देता येत नाही. अशा वेळी कुटुंबीय लाजेपोटी गोष्ट दडवून ठेवतात, किंवा कोणीतरी अंदाजाने ‘मुलगा’ अथवा ‘मुलगी’ असे सांगून मोकळे होते. या दोन्ही प्रकारांत बालकाचे नुकसान होते; प्रसंगी त्याचा प्राणही जातो. म्हणूनच या विषयाची शास्त्रीय माहिती वैद्यकीय क्षेत्राबाहेरील जबाबदार व्यक्तींनाही असणे आवश्यक आहे.

लिंगभेद कसा घडतो?

गर्भावस्थेच्या पहिल्या सहा-सात आठवड्यांत सर्व गर्भांची जननेंद्रिये एकसारखीच असतात. पुढे गुणसूत्रे, त्यांच्या प्रभावाने बनणाऱ्या वृषण वा बीजांड ग्रंथी, आणि संप्रेरके अशा क्रमाने त्यांत भेद निर्माण होतो. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर वेगळेपण आले, तर शरीररचना रूढ पुरुष वा स्त्री रचनेहून निराळी होते. अशा व्यक्तींना आंतरलिंगी म्हणतात. हा एकच एक आजार नव्हे. यामागे अनेक निरनिराळी कारणे असतात. त्यामुळे ‘नाव काय द्यावे’ यापेक्षा ‘कारण कोणते’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. ग्रहण, शाप किंवा मातेचे आचरण यांचा या गोष्टीशी काहीही संबंध नाही.

विलंब का घातक?

या कारणांपैकी एक प्रमुख कारण म्हणजे मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात विकार. जगभरातील पाहणीनुसार सुमारे १० ते १५ हजार जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. एका विकराच्या अभावामुळे शरीरात कॉर्टिसॉल पुरेसे तयार होत नाही आणि पुरुषी संप्रेरके वाढतात. स्त्री गुणसूत्रे असलेल्या बालिकेची बाह्य रचना त्यामुळे मुलासारखी दिसू शकते; मात्र तिचे गर्भाशय व बीजांडे व्यवस्थित असतात आणि योग्य उपचार मिळाल्यास पुढे तिला अपत्यप्राप्तीही होऊ शकते.

या विकाराच्या सुमारे तीन-चतुर्थांश बालकांत शरीरातील मीठ लघवीवाटे निघून जाते. जन्मानंतर पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात उलट्या, दूध न ओढणे, वजन घटणे व सुस्ती ही लक्षणे दिसतात. हगवण-उलटीचा साधा आजार समजून उपचार केल्यास बालक दगावते. मुलग्यांची बाह्य रचना नेहमीसारखीच असल्याने त्यांच्यात हा धोका अधिक सहज नजरेआड होतो. निदान झाल्यावर हायड्रोकॉर्टिसोन, मीठ राखणारे औषध व वाढीव मीठ यांवर मूल उत्तम वाढते. औषध आयुष्यभर घ्यावे लागते, ते एकाएकी बंद करावयाचे नसते, आणि ताप वा शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा वाढवावी लागते.

हा विकार आईवडील दोघांकडून येणाऱ्या सदोष जनुकांमुळे होतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बालकाला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी होणाऱ्या विवाहासारख्या नात्यातील लग्नांत ही शक्यता वाढते.

निदानाचा क्रम

प्रथम बालकाची काळजीपूर्वक तपासणी होते. मुलगा समजलेल्या बालकाची दोन्ही वृषणे हाताला लागत नसतील, तर तपासणीविना त्याला मुलगा ठरवू नये. त्यानंतर रक्तातील सोडियम, पोटॅशियम व साखर, जन्मानंतर ४८ तास उलटल्यावर सतरा-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या द्रव्याचे प्रमाण, पोटाची सोनोग्राफी आणि गुणसूत्रांची चाचणी केली जाते. गुणसूत्रांचा अहवाल येण्यास काही दिवस लागतात. क्षारांची तपासणी मात्र त्याच्यासाठी थांबवू नये. या सर्व सोयी गावात नसतात. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयात वा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालकाला त्वरित पाठविणे इष्ट.

शाळेच्या वयातील लक्षणे

काही प्रकार उशिरा लक्षात येतात. चार-पाच वर्षांच्या मुलाची झपाट्याने वाढणारी उंची व अकाली दिसणारी प्रौढत्वाची चिन्हे, मुलीच्या दोन्ही जांघांतील हर्निया, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळी न येणे, ही तज्ज्ञांचा सल्ला घेण्याची कारणे होत. शिक्षकांनी ही गोष्ट केवळ पालकांशी एकांतात बोलावी. वर्गात चौकशी करणे वा इतरांसमोर तपासणी करविणे सर्वथा अनुचित आहे.

नोंदणी आणि कायदा

जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. लिंग संदिग्ध असल्यास निबंधकाने अंदाजाने नोंद न करता वैद्यकीय अभिप्राय मागवावा. नोंद चुकीची ठरल्यास जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ अन्वये ती दुरुस्त करता येते.

केवळ रूप ‘सुधारण्यासाठी’ तान्ह्या बालकावर शस्त्रक्रिया करण्याची घाईही योग्य नव्हे. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये, जिवाला धोका असल्याचा अपवाद वगळता, आंतरलिंगी बालकांवरील अशा शस्त्रक्रियांना प्रतिबंध करण्याचे निर्देश दिले आणि त्याच वर्षी तमिळनाडू शासनाने तसा आदेश काढला. निदान तातडीने व्हावे. शरीरात कायमचा बदल करणारा निर्णय मात्र त्या व्यक्तीला समज येईपर्यंत थांबू शकतो, हा त्यामागील विचार आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांनी अशा बालकाचे वजन पहिल्या महिन्यात वारंवार पाहावे आणि उलट्या सुरू होताच कुटुंबाला रुग्णालयात पोहोचवावे. पंचायत सदस्यांना वाहनाची व्यवस्था करता येईल, खर्चासाठी उपलब्ध योजनांची माहिती देता येईल आणि गावातील कुजबुज थांबविता येईल. बालकाविषयीची माहिती गुप्त राखणे हे तर सर्वांचेच कर्तव्य होय. मातेला धीर देऊन पहिल्या काही दिवसांतच तिला योग्य डॉक्टरांपर्यंत नेले, तर एक जीव वाचतो आणि त्या मुलाला पुढे सन्मानाने जगता येते.