अल्पकालीन सेवाशिबिरे : यजमानाच्या बाजूने मांडलेला हिशेब

शाळा-महाविद्यालयांना सुट्ट्या लागल्या की बंगळूर शहरातून तरुणांचे लहानमोठे गट आसपासच्या जिल्ह्यांतील खेड्यांकडे निघतात. कोणी एखाद्या चर्चच्या युवक-मंडळाचे असतात, कोणी महाविद्यालयातील सेवा-पथकाचे. पाच-सात दिवस ते गावात राहतात, शाळेच्या भिंती रंगवितात, चर खणतात, मुलांना गाणी व खेळ शिकवितात आणि परततात. पुढच्या रविवारी उपासना संपल्यानंतर मंडळीसमोर अनुभवकथन होते. त्यात एक विचार बहुधा हमखास येतो : आम्ही देण्यासाठी गेलो होतो, परंतु घेऊनच परतलो. हे बोलणे प्रामाणिक असते. तथापि त्याचा अर्थ नीट पाहिला, तर या उपक्रमाचा मुख्य प्रश्न त्यातच दडलेला आढळतो. जे गेले त्यांना लाभ झाला. मग ज्यांच्यासाठी ते गेले, त्यांच्या पदरात काय पडले?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर सेवेचा हिशेब एकदा यजमान गावाच्या बाजूने मांडून पाहिला पाहिजे.

एका आठवड्याचा जमाखर्च

समजा, वीस तरुणांचा एक गट कोलार जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात सात दिवस राहावयास गेला. जमेच्या बाजूस १४० मनुष्यदिवसांचे श्रम दिसतात, आणि हा आकडा डोळ्यांत भरण्यासारखा आहे. परंतु कुदळ-फावड्याची सवय नसलेल्या हातांना दुसऱ्याच दिवशी फोड येतात. एखादा जाणता गवंडी सोबत नसेल तर बांधलेले पाडून पुन्हा बांधावे लागते. शाळेच्या भिंती या तरुणांनी फुकट रंगविल्या, तर त्याच गावातील अथवा शेजारच्या गावातील रंगाऱ्याची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते.

आता खर्चाची बाजू पाहू. कोलार हा पूर्वापार अवर्षणाचा प्रदेश. तळी पावसावर अवलंबून असतात आणि विंधनविहिरी वर्षानुवर्षे खोल खोल जात राहिल्या आहेत. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. त्या प्रमाणाने वीस पाहुण्यांना दिवसाला १,१०० लिटर आणि सात दिवसांत ७,७०० लिटर पाणी लागते. शहरात नळाखाली नाहण्याची सवय असलेल्यांना यापेक्षा अधिकच लागेल. हे पाणी गावाच्याच वाट्यातून जाते. त्याखेरीज स्वयंपाक आहे. पाहुण्यांपुढे नाचणीचे मुद्दे कसे ठेवावेत, या संकोचाने यजमान घर विकतचा तांदूळ आणते. पाहुण्यांची सोय पाहावयाची म्हणून घरातील एखादी स्त्री आठवडाभर मजुरीला जात नाही. हा खर्च कोणत्याही अहवालात नोंदला जात नाही, कारण तो आदरातिथ्याच्या नावाखाली झालेला असतो.

भाषेची अडचण निराळीच. बंगळूरमधील अनेक तरुणांची घरची भाषा तमिळ, मल्याळम, कोंकणी, उर्दू अथवा मराठी असते आणि आपापसांतील व्यवहार बहुधा इंग्रजीत चालतो. कोलारच्या खेड्यांत कानडीबरोबर तेलुगूही घरोघर बोलली जाते. ज्याच्याशी दोन वाक्ये बोलता येत नाहीत, त्याची गरज कोणती हे आपणच ठरविणे धाडसाचे होय.

असा हिशेब मांडण्याचा हेतू तरुणांना नाउमेद करण्याचा नाही. खर्चाची बाजू एकदा डोळ्यांसमोर आली की ती कशी कमी करावी व जमेची बाजू कशी वाढवावी, हे सुचू लागते. हा विचार यापूर्वीही काही जाणत्यांनी केलेला आहे.

आधी पाहणी, मग फावडे

आंतरराष्ट्रीय सेवाशिबिरांचा आरंभ साधारणपणे १९२० पासून मानला जातो. स्विस अभियंता प्येर सेरेझोल याने त्या वर्षी फ्रान्समधील व्हर्दंच्या रणभूमीजवळ, एन या उद्ध्वस्त गावी, निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांची लहानशी तुकडी नेली. त्या तुकडीत जर्मनही होते. युद्धाची जखम अद्याप ओली होती. काही महिन्यांनी काम थांबवून तुकडीला परतावे लागले. उद्देश कितीही उदात्त असला, तरी यजमानाची मनापासून संमती नसेल तर सेवा उभी राहू शकत नाही, हा धडा पहिल्याच शिबिराने दिला.

पुढे १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्या वर्षी सेरेझोल भारतात आला, तो प्रथम पाहणी करण्यासाठी. आपत्तिनिवारणाचे काम करणारे राजेंद्रप्रसाद यांच्याशी त्याने विचारविनिमय केला, गरज समजून घेतली आणि त्यानंतरच मोजके सहकारी घेऊन मुझफ्फरपूर भागात गावांच्या पुनर्वसनाचे काम आरंभिले. १९३७ पर्यंत तो तीन वेळा भारतात येऊन राहिला. सोबतची माणसे थोडी, पण मुक्काम दीर्घ आणि येणे पुन्हा पुन्हा, असे त्या कामाचे स्वरूप होते. आजची शिबिरे पुष्कळदा याच्या नेमकी उलट असतात : माणसे पुष्कळ, मुक्काम थोडा, आणि पुन्हा येणे नाहीच.

या उलट्या प्रकारावर सर्वांत कठोर टीका एका धर्मगुरूनेच केली. एप्रिल १९६८ मध्ये, मेक्सिकोतील खेड्यांत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर बोलताना इव्हान इलिच यांनी त्यांना स्पष्टच बजावले की, पाहण्यासाठी या, शिकण्यासाठी या, परंतु मदत करण्यासाठी येऊ नका. ज्या समाजाची भाषा येत नाही, तेथे आपल्या चांगुलपणाचे ओझे लादणे हीसुद्धा एक प्रकारची सक्तीच होय, असा त्यांचा आशय होता. हे मत पूर्णपणे स्वीकारण्याची आवश्यकता नाही. परंतु त्यातील ‘शिकण्यासाठी या’ हा भाग बाजूला सारता येत नाही.

बंगळूरचा अनुभव

शिकण्यासाठी खेड्यात जाण्याची ही दृष्टी बंगळूरमधील काही ख्रिस्ती संस्थांनी प्रत्यक्षात आणली. इंडियन सोशल इन्स्टिट्यूट ही जेझुइट संघाची संस्था १९५१ साली पुणे येथे स्थापन झाली. पुढे ती दिल्लीस गेली आणि १९६३ मध्ये बंगळूर येथे तिचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. या केंद्राशी संबंधित असलेले स्विस जेझुइट हेन्री व्होल्कन यांनी सहकाऱ्यांसह एक फिरते प्रशिक्षण पथक चालविले. आपल्या अनुभवांवरील पुस्तकाला या पथकाने ‘ग्रामीण गरिबांकडून शिकताना’ अशा आशयाचे नाव दिले. गरिबाला शिकविण्याआधी त्याच्याकडून शिकावे, ही त्यामागील भूमिका त्या नावातच स्पष्ट होते.

१९६३ मध्येच बंगळूर येथे कॅथॉलिक धर्मपीठाने सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले. तेथील विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही दिवस खेड्यात राहावे लागते. या मुक्कामात उपचार करणे अपेक्षित नसते. कुटुंबाचे उत्पन्न कशातून येते, पाणी कोठून आणतात, आजारी पडल्यावर आधी कोणाकडे जातात, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावयाचे असते. याच महाविद्यालयाच्या सहकार्याने १९७३ मध्ये मळ्ळूर या गावी एक आरोग्य सहकारी उपक्रम सुरू झाला. तेव्हा कोलार जिल्ह्यात असलेले हे गाव आता चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात मोडते. त्याचे वैशिष्ट्य असे की गावातील दूध-उत्पादकांच्या सहकारी संस्थेने दुधाच्या उत्पन्नातील काही वाटा आरोग्यसेवेसाठी दिला. डॉक्टर बाहेरून आले; परंतु सेवेचा खर्च उचलण्यात गावाचा हात होता. म्हणून ती सेवा कशी चालावी, हे विचारण्याचा अधिकारही गावाकडे आला. ज्या सेवेत घेणाऱ्याचा काहीच वाटा नसतो, तिच्याविषयी तक्रार करण्याचे धैर्यही त्याला होत नाही.

तात्पुरते हात, कायमची माणसे

महाराष्ट्रातील वाचकास या संदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथची आठवण होईल. बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथे आरंभिलेल्या श्रमसंस्कार छावणीत दर वर्षी मे महिन्यात तरुण गोळा होतात. छावणी आठवडाभराचीच. परंतु ती ज्या भूमीवर भरते, तेथे कुष्ठरोगमुक्त झालेली माणसे बारा महिने शेती करीत असतात. काम त्यांचे, तरुणांनी त्यात काही दिवस हातभार लावावयाचा. शिबिर संपले म्हणून काम थांबत नाही, कारण ते शिबिरावर अवलंबूनच नसते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या आखणीतही हा विचार आढळतो. २४ सप्टेंबर १९६९ रोजी तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू केली. पुढे १९७२ मध्ये बंगळूर येथे सामाजिक व आर्थिक परिवर्तनविषयक संशोधन संस्था स्थापन करणारे तेच हे राव. या योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास नियमित काम करावे आणि त्याखेरीज दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर करावे, अशी व्यवस्था आहे. म्हणजे सात दिवसांना दोन वर्षांचा आधार दिलेला आहे. युवक-मंडळांनीही एकच गाव निवडून तेथे वर्षानुवर्षे जावे, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

दोन मर्यादा

यजमानाच्या बाजूने पाहिले असता दोन गोष्टींविषयी विशेष सावधगिरी आवश्यक ठरते. पहिली लहान मुलांसंबंधी. अनाथालयात जाऊन आठवडाभर मुलांशी खेळणे हा अनेक गटांचा आवडता कार्यक्रम असतो. ज्या मुलांना आधीच आपल्या माणसांचा वियोग सोसावा लागला आहे, त्यांना दर सुट्टीत नवा ताई-दादा मिळतो आणि आठवड्याने निघून जातो. निरोपाच्या वेळी मूल रडले, हे प्रेमाचे प्रमाण मानले जाते. वस्तुतः ती आणखी एक ताटातूट असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. मुले आपल्या कुटुंबातच राहू शकतील असे साहाय्य करणे अधिक कठीण असते. त्याची छायाचित्रेही निघत नाहीत. तथापि हिताचे तेच.

दुसरी मर्यादा धर्मप्रचारासंबंधी. १९९४ मध्ये रेडक्रॉस व मदतकार्य करणाऱ्या संस्थांनी एक आचारसंहिता स्वीकारली. तिच्या पुरस्कर्त्यांत कॅरिटास व जागतिक चर्च परिषद या ख्रिस्ती संस्थाही होत्या. मदतीचा उपयोग कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी करू नये, असे ती संहिता सांगते. स्वतःची श्रद्धा लपविण्याचे कारण नाही. परंतु औषध अथवा वही घेणाऱ्याच्या मनात ‘याच्या बदल्यात काय द्यावे लागेल?’ ही शंका निर्माण झाली, तर ती मदत मदत राहत नाही.

निघण्यापूर्वी

वरील विवेचनावरून काही साधे प्रश्न हाती येतात. गावाने बोलाविले आहे काय, आणि बोलावणारा कोण : पंचायत, शाळा, स्त्रियांचा बचत गट की एखादाच प्रतिष्ठित गृहस्थ? काम गावाने निवडले आहे काय? त्या कामावर पोट असणारा कारागीर गावात असेल, तर त्यालाच मजुरी देऊन त्याच्या हाताखाली काम करता येईल काय? पाणी व शिधा कोणाच्या वाट्यातून जाणार? गट परतल्यानंतर त्या कामाची देखभाल कोण करील? आणि पुढील वर्षी परत येण्याचे वचन देता येईल काय?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर वीस जणांनी जाण्याऐवजी दोघा-तिघांनी जाऊन विचारपूस करून यावे आणि दरम्यानच्या काळात इतरांनी कानडीचे चार धडे गिरवावेत. त्या वर्षी अनुभवकथनासाठी फारसे काही हाती लागणार नाही. पण पुढच्या वर्षी तेच तरुण त्याच गावी गेले, कोणी त्यांना नावाने ओळखले, आणि गेल्या खेपेस ठरलेले काम कोठवर आले हे बसून सांगितले, तर हिशेबातील जमेची बाजू खऱ्या अर्थाने भरू लागली असे समजावे.