आजोबांची सचित्र पोथी परदेशी नेता येईल का?

प्रश्न : आमच्या वाईच्या जुन्या घरात आजोबांनी जमवलेली धार्मिक पुस्तकं निघाली. त्यात चित्रं असलेली हस्तलिखित ज्ञानेश्वरी आणि शिळाछापाच्या काही पोथ्या आहेत. अमेरिकेतला पुतण्या ज्ञानेश्वरी मागतो आहे. एक व्यापारी सगळंच एकरकमी उचलायला तयार आहे. यातलं काय कायद्यात बसतं?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : पुतण्याला ती पोथी नेता येणार नाही. विकत नाही, भेट म्हणूनही नाही. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेला आहे. खासगी माणसाने सामानात घालून नेली, तर किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो.

आता पुरावस्तू कशाला म्हणायचं? सर्वसाधारण वस्तूला शंभर वर्षं लागतात. हस्तलिखित, दफ्तर किंवा दस्तऐवजाला ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय वा सौंदर्याचं मूल्य असेल तर पंचाहत्तर वर्षं पुरतात. म्हणजे आजोबांच्या हयातीत कुणी उतरवून काढलेली पोथीही कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. वय कळण्यासाठी शेवटचं पान उलटावं. तिथल्या पुष्पिकेत लेखकू बहुधा शक, संवत्सर, गाव आणि स्वतःचं नाव टाकतो. ‘शके १७८२, रौद्रनाम संवत्सरे’ असं असेल, तर त्यात ७८ मिळवायचे : इसवी सन १८६०.

शिळाछापाची पोथी मात्र नवख्याला हमखास फसवते, कारण अक्षर हातचंच दिसतं. भिंग लावून पाहावं. हस्तलिखितात बोरू उचलला तिथे शाई साचलेली दिसते, चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप सापडतो. छापील म्हणजे कमी मोलाचं, असं मात्र अजिबात समजू नये. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये शिळाछापावर काढलेल्या ज्ञानेश्वरीची प्रत आज कुणाकडे असली, तर ती जिवापाड जपण्याजोगी आहे. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं, त्याच शतकात पुन्हा दोनदा निघालं. त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने करून ठेवलेल्या नकलांमुळे. शंभर वर्षांपूर्वीचं छापील धार्मिक पुस्तकही पुरावस्तू ठरू शकतं. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे वस्तू दाखवून पुरावस्तू नसल्याचा दाखला मागता येतो.

घरात ठेवायला आणि देशात विकायला बंदी नाही. पण तुमच्या ज्ञानेश्वरीत चित्रं आहेत आणि सचित्र हस्तलिखितांची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी अधिकाऱ्याकडे छायाचित्रांसह अर्ज करावा लागतो. पुढे मालकी बदलली तर तेही कळवावं लागतं. साध्या, चित्रांविना असलेल्या पोथीला ही सक्ती नाही.

व्यापाऱ्याला होकार देण्याआधी घरातला हिशेब पाहा. मृत्युपत्र नसेल तर आजोबांच्या मालमत्तेत त्यांच्या मुलामुलींचा सारखा वाटा असतो, त्यामुळे आत्याची किंवा तिच्या वारसांची लेखी संमती हवीच. एखाद्या पानावर मठाचा किंवा देवस्थानाचा शिक्का असेल, तर ती वस्तू मुळात घरची आहे का, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

आणि पोथी फोडून विकायला कदापि तयार होऊ नये. चित्रांची सुटी पानं सहज खपतात, पण एकदा पुष्पिका वेगळी झाली की उरलेल्या पानांचं वय आणि गाव दोन्ही कायमचं हरवतं. पैशाचीच गरज असेल, तर सरकार, विद्यापीठ, राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रीय अभिलेखागार किंवा केंद्राने अधिसूचित केलेल्या सार्वजनिक संस्थेला विकण्याचा विचार जरूर करावा. अशा विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. आयकर कायद्याच्या या सवलतीत पुस्तकं आणि हस्तलिखितं स्पष्टपणे धरली आहेत. विकायचं नसेल तर पुण्याची भांडारकर संस्था किंवा आनंदाश्रम यांच्याकडे विचारणा करता येईल.

पुतण्यासाठी सगळ्या पानांची उत्तम छायाचित्रं काढून घ्या. बंदी वस्तू नेण्यावर आहे, तिची छायाचित्रं पाठवण्यावर नाही. व्यापाऱ्यालाच काही द्यायचं ठरलं, तर त्याच्याकडे पुरावस्तू विक्रीचा परवाना आहे का ते स्वतः पाहावं, आणि पावतीवर परवाना क्रमांकाबरोबर प्रत्येक पोथीचं नाव, शक आणि पानांची संख्या लिहून घ्यावी.