वृद्धांच्या घराचा कारभारी कसा असावा?



ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या आपल्या धर्मग्रामांत अशी अनेक घरे आहेत, जिथली मुले आखाती देशांत, कॅनडात किंवा बंगळुरूला स्थायिक झाली आहेत आणि आईवडील मागे एकटे राहिले आहेत. लिफ्ट बंद पडली की त्यांची रविवारची मिस्सादेखील चुकते. मग घरात ज्येष्ठांच्या वसाहतीचा किंवा वृद्धाश्रमाचा विषय निघतो. जाहिरातीत बाग, ग्रंथालय, दवाखाना सारे दिसते. मात्र तिथले दिवस कसे जातील हे बहुतांशी तिथल्या व्यवस्थापकावर अवलंबून असते. म्हणून आज आपण त्याच्या गुणांचा अभ्यास करू या.

लूकच्या शुभवर्तमानातील 12व्या अध्यायात प्रभू येशू विश्वासू कारभाऱ्याविषयी बोलतो. घर धन्याचे आहे, कारभाऱ्याचे नाही. घरच्यांना वेळच्या वेळी शिधा देणे हे त्याचे काम. धनी यायला उशीर आहे असे समजून जो हाताखालच्यांना मारहाण करतो आणि स्वतः खातो-पितो, त्याला जाब द्यावा लागतो. या कसोटीवर आम्हांला पाच गुण महत्त्वाचे वाटतात.

1. प्रामाणिकपणा. वसाहतीत येताना ज्येष्ठ माणूस आयुष्यभराची पुंजी अनामत म्हणून ठेवतो. चांगला व्यवस्थापक प्रत्येक रुपयाची पावती देतो, हिशेब खुला ठेवतो आणि रहिवाशांच्या मृत्युपत्रात स्वतःचे नाव येऊ देत नाही.

2. दक्षता. महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले. चाकांची खुर्ची जाईल अशी दारे, आधाराचे कठडे, न घसरणारी फरशी, तातडीची घंटा हे सारे त्यात आहे. पण रात्री दोन वाजता घंटा वाजली, तर उठून येणार कोण? 26 जुलै 2005 रोजी, म्हणजे पवित्र मरियेचे मातापिता संत योआकिम व संत अॅना यांच्या सणाच्याच दिवशी, कल्याण परिसरात पुराचे पाणी घराघरांत शिरले. डोंबिवलीच्या एमआयडीसीत 2016 आणि 2024 साली स्फोट होऊन दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. अशा वेळी कोणाला चालता येत नाही, कोणाला इन्सुलिन लागते, याची यादी व्यवस्थापकाच्या हाताशी हवी. 2006च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत द्यावे लागते. तेही त्याने न विचारता दाखवावे.

3. आदर. योहानच्या 21व्या अध्यायात प्रभू पेत्राला सांगतो की, म्हातारपणी दुसराच कोणी त्याची कंबर बांधील आणि नको तिथे नेईल. परस्वाधीन होण्याचे हे दुःख ज्याला समजते, तो दार वाजवल्याशिवाय खोलीत शिरत नाही. निवृत्त शिक्षिकेला तो ‘ए आजी’ म्हणत नाही, अहोजाहो करतो. आंघोळीची वेळ तिला विचारून ठरवतो.

4. आत्म्याची काळजी. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद व तैलाभ्यंग मिळावे म्हणून तो धर्मगुरूंना वेळेवर निरोप देतो. शेजारच्या खोलीतील हिंदू आजोबांची एकादशीही तितक्याच आस्थेने सांभाळतो.

5. धैर्य. कधी मुलगाच कोरे कागद घेऊन वडिलांची सही मागायला येतो. तेव्हा व्यवस्थापकाने वडिलांना एकांतात विचारावे, घाईची सही होऊ देऊ नये. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 साली झाला. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास त्याच्या 23व्या कलमान्वये परत मिळवता येते. त्यासाठी दाद प्रांत अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे मागायची असते. ‘एल्डरलाईन’चा 14567 हा क्रमांकही भिंतीवर ठळक लिहिलेला असावा.

हे गुण एकत्र पाहायचे असतील तर संत जान जुगां यांचे चरित्र आठवावे. 1839च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये त्यांनी एका अंध, पांगळ्या वृद्धेला घरी आणले आणि स्वतःची खाट तिला दिली. त्यातूनच ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा संघ उभा राहिला. पुढे त्यांचे प्रमुखपद काढून घेण्यात आले, तरी त्यांनी सेवा सोडली नाही. 2009 साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संतपद दिले.

जागा निवडताना आम्ही एवढेच सुचवू: न कळवता, जेवणाच्या वेळी जा. जुन्या रहिवाशांशी आणि झाडूवाल्या बाईंशी बोला. करारपत्र वकिलाला दाखवा. मुख्य म्हणजे, आईवडिलांना सोबत न्या. तिथे त्यांना राहायचे आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. व्यवस्थापक कितीही चांगला असला तरी तो मुलाची जागा घेऊ शकत नाही. वडिलांची बुद्धी मंदावली तरी त्यांना सांभाळून घ्यावे, अशी शिकवण बेनसिराच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ती आपल्यासाठी आहे, पगारी माणसासाठी नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन म्हणून नेमून दिला. मात्र बाकीच्या एकावन्न रविवारीही त्यांना आपली वाट पाहावी लागते.

समूहात चर्चेसाठी:
1. आपल्या वाडीत वा इमारतीत एकटे राहणारे वृद्ध कोण? त्यांच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?
2. वृद्धाश्रमात गेलेल्या आपल्या धर्मग्रामस्थांना शेवटचे कोण आणि केव्हा भेटले?