गुणांचे माप आणि शिक्षणाच्या दोन वाटा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी दोन प्रश्न विचारले जातात. गुण किती मिळाले, हा पहिला. आणि पुढे कोणत्या महाविद्यालयात जाणार, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून मुलाची योग्यता ठरते आणि दुसऱ्याच्या उत्तरावरून त्याचे भवितव्य, असा आपला समज होऊन बसला आहे. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार विद्यार्थ्यांनी व पालकांनी शांतपणे करणे अगत्याचे आहे.

परीक्षा हे एक माप आहे. गजाने कापडाची लांबी कळते, वजन कळत नाही. त्याचप्रमाणे तीन तासांच्या लेखी परीक्षेने नेमलेल्या अभ्यासाची त्या दिवशीची तयारी कळते. हातातील कसब, चिकाटी किंवा ज्ञानाची ओढ कळत नाही. यात मापाचा दोष नाही. ते भलत्या कामी लावले, म्हणजे मात्र अन्याय होतो.

बुद्धिमापनाचा इतिहास याची साक्ष देतो. ज्या मुलांना वर्गातील अभ्यास झेपत नाही ती ओळखून त्यांना वेगळे साहाय्य द्यावे, या हेतूने फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली तीस कसोट्यांची एक श्रेणी तयार केली. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते व ती वाढू शकत नाही, हे मत बिने यांना मान्य नव्हते. पुढे ही कल्पना अमेरिकेत गेली आणि तेथे तिचा उपयोग माणसांची प्रतवारी लावण्याकडे होऊ लागला. पहिल्या महायुद्धात सैन्यातील सुमारे सतरा लाख लोकांच्या अशा चाचण्या घेण्यात आल्या. त्या आकड्यांच्या आधारे कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली काही वंश बुद्धीने श्रेष्ठ असल्याचे प्रतिपादन केले. महाविद्यालयीन प्रवेशासाठी १९२६ साली सुरू झालेली 'सॅट' परीक्षा याच ब्रिगम यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. १९३० साली त्यांनी आपले वंशविषयक निष्कर्ष निराधार होते, असे स्वतःच जाहीर केले. परंतु तोवर त्या निष्कर्षांचा प्रसार होऊन गेला होता. साहाय्य कोणाला हवे हे शोधण्यासाठी निघालेले साधन असे दारे बंद करण्याच्या कामी आले.

आता आपल्या बडोद्याशी संबंध असलेले उदाहरण पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. केवळ या आकड्यावरून कोणी त्यांची योग्यता ठरविली असती, तर केवढा अनर्थ झाला असता! कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी या विद्यार्थ्याची ज्ञानलालसा ओळखली व त्यांच्या खटपटीने श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यास शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली बडोदे संस्थानच्याच साहाय्याने आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

याच महाराजांनी शिक्षणाची दुसरी वाटही तयार केली होती. १८९० साली त्यांनी बडोद्यात कलाभवन स्थापन केले. त्रिभुवनदास गज्जर हे तेथील पहिले प्राचार्य. कापड रंगविण्याची विद्या, यंत्रकाम, चित्रकला इत्यादी विषय तेथे शिकविले जात, आणि देशी भाषेतून शिकविण्यावर भर होता. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे या कलाभवनाचे विद्यार्थी. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला तोही १९१३ सालीच. हेच कलाभवन पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग झाले व तेथे अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या जाऊ लागल्या. तात्पर्य, विद्यापीठाची वाट व कारागिरीची वाट या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत.

मग प्रत्येकाने महाविद्यालयात गेलेच पाहिजे काय? नाही. तथापि हे उत्तर देताना सावध राहिले पाहिजे. कारण 'सर्वांनाच पदवी कशाला?' असे म्हणणारे बहुधा दुसऱ्याच्या मुलाविषयी बोलत असतात. १९५३ साली मद्रास राज्यात प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळी मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आली. जातीचा धंदाच मुलांच्या माथी मारला जाईल, म्हणून तिला प्रखर विरोध झाला व १९५४ साली ती रद्द झाली. स्वतः निवडलेला व्यवसाय ही प्रतिष्ठा आहे. गरिबीमुळे, जातीमुळे किंवा एका गुणपत्रिकेमुळे गळ्यात पडलेला व्यवसाय ही सक्ती आहे.

विद्यार्थी मित्रहो, गुण कमी पडले तर ते कोठे व का पडले, हे गुरुजनांना विचारा. ज्यास यंत्राची, लाकडाची वा विजेच्या कामाची आवड आहे, त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा किंवा तंत्रनिकेतनाचा मार्ग संकोच न बाळगता धरावा. तंत्रनिकेतनाची पदविका मिळविणाऱ्यास पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, हेही ध्यानात ठेवावे. ज्यास ग्रंथांची ओढ आहे, त्याने थोड्या गुणांमुळे महाविद्यालयाची आशा सोडू नये. आणि पालकांनी निकालाच्या दिवशी 'किती?' हा प्रश्न विचारून झाल्यावर 'तुला काय शिकावेसे वाटते?' हाही प्रश्न अवश्य विचारावा.