होळीला घर भरलेलं, मी मात्र ओट्याशी!

प्रश्न : यंदा होळी-धुळवडीला लागूनच शनिवार-रविवार आहे. दीर, नणंदा, मुलांचे मित्र, सगळे येणार. पुरणपोळी तर हवीच. पण गप्पांना मला वेळ कधी मिळणार?

उत्तर : पुरण आदल्या दिवशीच करून फ्रीजमध्ये ठेवा. किलोभर डाळीला किलोभर गूळ. उलथणं उभं राहीपर्यंत आटवा; सैल राहिलं तर पोळी फुटते आणि सगळा दिवस तिथेच जातो. कटाची आमटीही तेव्हाच करा, मुरल्यावर ती जास्त चांगली लागते. कणीक मात्र त्याच दिवशी सैलसर मळून, तेल लावून दोन तास झाकून ठेवा. लाटायला नणंदा, तव्यावर दीर! (पाहुण्यांना काम कसं सांगायचं, हा संकोच सोडा. खऱ्या गप्पा पोळपाटाभोवतीच होतात.)

धुळवडीला मटण असेल तर कांदा-खोबऱ्याचं वाटण आधीच भाजून-वाटून ठेवा. नंतरच्या दोन दिवसांत खिचडी, पापड, ताक. कोणी तक्रार करत नाही. उरलेल्या पोळ्या दुधाबरोबर, वरून तूप. चौथा पदार्थ सुचलाच तर करू नका.